भुसावळहून देश फिरताना गाइडबुक कसं वाचावं आणि कुठवर मानावं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचा माणूस देश बघायला निघतो तेव्हा बहुतेक वेळा टूर कंपनीचं पॅकेज घेतो, नाहीतर गावातून निघणाऱ्या यात्रेच्या बसमध्ये जागा धरतो. अलीकडे तिसरा वर्ग वाढतो आहे. हे लोक स्वतः तिकीट काढतात, स्वतः खोली शोधतात आणि आपल्या मर्जीने फिरतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यातही ज्यांना वाटतं की सगळं फोनवर मिळत असताना जाडजूड गाइडबुक कशाला उचलायचं, त्यांच्यासाठी जास्त.

माझं मत असं की पहिल्या दहा निर्णयांसाठी पुस्तकाइतकं उपयोगी काहीच नाही आणि शेवटच्या दहा निर्णयांसाठी पुस्तकावर अजिबात विसंबू नये. कुठल्या भागात जायचं, कुठल्या महिन्यात, कुठली ठिकाणं एका फेरीत बसतात, कुठे किती दिवस द्यायचे, कुठलं ठिकाण सोडून द्यायचं, हे पुस्तकात नीट कळतं. गाडी किती वाजता, खोली केवढ्याला, रस्ता सुरू की बंद, हे निघण्याच्या आठवड्यातच पाहायचं असतं.

आपला देश दक्षिणोत्तर सुमारे ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २,९३३ किलोमीटर पसरलेला आहे. एवढ्या पसाऱ्यात ठिकाणांचा क्रम चुकला तर एक-दोन रात्री रेल्वेतच जातात, आणि आठ-दहा दिवसांची रजा घेऊन निघालेल्या माणसाला ते परवडत नाही. म्हणून पुस्तक कसं वाचायचं याला महत्त्व आहे.

आधी पुस्तकाची परीक्षा, तीही आपल्या जिल्ह्यावरून

ज्या प्रदेशाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, त्याबद्दल पुस्तक खरं सांगतंय की नाही हे कसं ओळखायचं? ज्या भागाची आपल्याला खडान्‌खडा माहिती आहे, त्याचं पान आधी उघडायचं. दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात आलं की सूचीत जळगाव शोधा. जळगावला व. वा. जिल्हा वाचनालय आणि धुळ्याला गरुड वाचनालय आहे. विकत घेण्याआधी दोन-तीन पुस्तकं शेजारी ठेवून चाळायला वाचनालयासारखी जागा नाही.

बहुतेक इंग्रजी गाइडबुकांत जळगाव हे अजिंठ्याला जाण्यासाठी रात्रीपुरतं उतरण्याचं गाव असतं. तेवढ्याच मजकुराची तपासणी करा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हे स्पष्ट लिहिलंय का? खासगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबते आणि तिथून चारेक किलोमीटर महामंडळाच्या शटल बसने जावं लागतं, हे आहे का? जळगावहून पहूर-फर्दापूरमार्गे संभाजीनगरकडे जाणारी एसटी पकडली तरी काम होतं, टॅक्सीच करायला हवी असं नाही, हे लेखकाला ठाऊक आहे का? मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे सकाळी गेट उघडताच आत शिरावं, एवढी तरी सूचना आहे का? चारपैकी तीन गोष्टी बरोबर असतील तर लेखक इथे खरोखर येऊन गेलेला आहे असं समजा आणि त्याच्या हंपीवरच्या किंवा सिक्कीमवरच्या पानांवरही भरवसा ठेवा. एकही बरोबर नसेल तर पुस्तक परत फळीवर ठेवा.

मग धुळे, नंदुरबार, तोरणमाळ, चांगदेव शोधा. बहुतेक सापडणार नाहीत. त्यावरून पुस्तक वाईट ठरत नाही, पण ते कशाला जागा देतं आणि काय गाळतं हे समजतं. परदेशी पाहुण्यासाठी लिहिलेलं पुस्तक जागतिक वारशाची ठिकाणं, समुद्रकिनारे, हिमालय आणि चार महानगरं यांच्यावर उभं असतं. लळिंगचा किल्ला, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं मंदिर, सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोड्यांची जत्रा हे त्याच्या चौकटीत बसत नाही. हीच गोष्ट ओडिशाच्या, विदर्भाच्या किंवा तेलंगणाच्या एखाद्या जिल्ह्याबाबत घडलेली असणार. त्यामुळे 'या शहरात पाहण्यासारखं विशेष नाही' असं वाक्य दिसलं की मी धुळ्याची आठवण ठेवते आणि त्या शहरासाठी दुसरा स्रोत शोधते.

दुसरा स्रोत म्हणजे बहुधा त्या जिल्ह्याचं गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड १८८० मध्ये निघाला. त्यातले रस्ते, धर्मशाळा, बाजाराचे वार आता इतिहासजमा झाले, पण थाळनेर, भामेर, लळिंग, बळसाणे या ठिकाणांच्या जुन्या अवशेषांचं वर्णन वाचून आजही माणूस तिथे जाऊन काय पाहायचं ते ठरवू शकतो. बहुतेक सगळ्या जुन्या जिल्ह्यांची अशी गॅझेटियरं आहेत आणि ती संगणकावर मोफत वाचता येतात. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या छोट्या माहितीपुस्तिकाही मोठ्या स्थळांवर विकायला असतात. त्या स्वस्त असतात, आणि देवळाच्या किंवा लेण्याच्या तपशिलात जाड गाइडबुकापेक्षा सरस असतात.

पुस्तकाचं खरं वय

मुखपृष्ठ नवं असलं म्हणून आतला मजकूर नवा असतोच असं नाही. आवृत्तीचं वर्ष पाहाच, पण आतल्या खुणाही पाहा. तेलंगण वेगळं राज्य म्हणून दिलंय का? ते २ जून २०१४ ला झालं. लडाख केंद्रशासित दाखवलंय का? तो बदल ३१ ऑक्टोबर २०१९ चा. अलाहाबादचं प्रयागराज आणि मुगलसराय जंक्शनचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन २०१८ मध्ये झालं. नावं जुनी असतील तर तिकीट काढताना गोंधळ होतो, कारण आरक्षणाच्या संकेतस्थळावर नवीन नाव शोधावं लागतं.

रेल्वेचा नकाशा तर इतक्या झपाट्याने बदलतोय की दोन वर्षांपूर्वीचं पुस्तकही मागे पडतं. जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला थेट गाडी सुरू झाली. त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांत 'जम्मू किंवा कटऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे रस्त्याने' असंच लिहिलेलं असणार. सप्टेंबर २०२५ मध्ये मिझोराममधल्या सैरांगपर्यंत, म्हणजे ऐझॉलच्या उंबऱ्यापर्यंत रेल्वे पोहोचली. रामेश्वरची गोष्ट तर दोनदा बदलली. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या पांबन पुलावरून गाड्या बंद झाल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल सुरू झाल्यावर त्या पुन्हा बेटावर जाऊ लागल्या. मधल्या काळात छापलेलं पुस्तक 'मंडपमला उतरा' असं सांगेल आणि ते आज चुकीचं ठरेल. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वे तिकिटात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तरी जुन्या पुस्तकांत ती दिलेली सापडते. आई-वडिलांना घेऊन निघणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज त्यावर बांधू नये.

तरीही जुनं पुस्तक टाकून देऊ नका. भाडी, फोन नंबर, हॉटेलांची नावं लगेच शिळी होतात. हवामान, अंतरं, डोंगर-नद्यांची रचना, देवळांची मांडणी, राजघराण्यांचा इतिहास हे टिकतं. पाच-सात वर्षांपूर्वीची आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात अर्ध्याहून कमी किमतीत मिळते. ती घ्या, आणि राहण्या-खाण्याच्या यादीची पानं सरळ पिना मारून बंद करून टाका.

ऋतू आणि आपल्या सुट्ट्या

सविस्तर वाचायचा भाग हा. खानदेशातलं घर साधारण तीन वेळा मोकळं होतं. दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्यात आणि शेतकरी घर असेल तर कापसाच्या शेवटच्या वेचण्या आटोपल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. पुस्तकातलं 'केव्हा जावं' हे प्रकरण या तीन काळांना जोडून वाचायचं.

दिवाळीत लोक हौसेने तामिळनाडूला जातात, कारण आपल्याकडे पाऊस संपलेला असतो आणि हवा छान असते. पण तामिळनाडूचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. चेन्नई, महाबलिपुरम, चिदंबरम, तंजावर या पट्ट्यात ऐन दिवाळीत धो धो पाऊस असू शकतो, वादळांचेही दिवस हेच. फोनवर मदुराईचं मंदिर शोधलं तर मंदिराची वेळ आणि फोटो येतील. तुम्ही विचारल्याशिवाय पावसाचा विषय निघणार नाही. बऱ्या गाइडबुकात तो पहिल्या दोन पानांत असतो. दिवाळीत जायचंच असेल तर मध्य प्रदेश, राजस्थान, आग्रा, काशी हे बरं. कच्छचं पांढरं रण मात्र दिवाळीत कधी कधी पाण्याखालीच असतं. ते नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत नीट सुकलेलं मिळतं.

मे महिन्यात आपल्या उन्हातून पळायचं म्हणून लोक हिमालय धरतात, ते योग्यच. पण हिमालयातही महिना पाहावा लागतो. मनाली-लेह रस्त्यावरचे उंच घाट बर्फातून मोकळे व्हायला मेचा उत्तरार्ध, कधी जून उजाडतो. शाळेची सुट्टी लागली की लगेच त्या रस्त्याने लडाखला जाण्याचा बेत फसतो. काश्मीर, कुमाऊं, हिमाचलचा खालचा भाग मेमध्ये उत्तम. मेघालयात मात्र मेपासूनच पावसाला जोर चढतो. ज्यांना धबधबे आणि ढग हवेत त्यांनी जावं, ज्यांना स्वच्छ दृश्यं हवीत त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर धरावा.

आखाजीचा एक वेगळा हिशेब आहे. आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्याच अक्षय तृतीयेला गंगोत्री आणि यमुनोत्रीची दारं उघडतात. केदारनाथ-बद्रीनाथ त्याच्या आगे-मागे उघडतात आणि केदारनाथ भाऊबिजेला बंद होतं. म्हणजे चारधामचा हंगाम साधारण आपल्या आखाजीपासून भाऊबिजेपर्यंत. उघडल्यानंतरचे पहिले काही आठवडे प्रचंड गर्दीचे असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचा धोका असतो. पुस्तकात सप्टेंबर-ऑक्टोबरची शिफारस दिसली तर ती गांभीर्याने घ्या.

जानेवारी-फेब्रुवारी ज्यांना मोकळा आहे त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. दक्षिण भारत, ओडिशा, हंपी, बदामी, कच्छ, खजुराहो हे सगळं तेव्हा सर्वोत्तम असतं आणि शाळांच्या सुट्ट्या नसल्यामुळे तिकिटंही मिळतात. कापूस-केळीवाल्यांना हा फायदा पुस्तकाने सांगितलेला नसतो, आपणच जोडून घ्यायचा.

नकाशा भुसावळपासून काढा

गाइडबुकाचे लेखक विमानाने येतात. त्यामुळे देशाची दारं म्हणजे दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता असं धरूनच पुस्तकाची मांडणी असते. सुचवलेले मार्गही तिथूनच निघतात. आपलं दार भुसावळ आहे, आणि ते दार फार सोयीचं आहे. इथून एक लोहमार्ग इटारसीकडे उत्तरेला आणि दुसरा नागपूरकडे पूर्वेला फुटतो. जळगावहून अमळनेर-नंदुरबारमार्गे सुरतेचा मार्ग आहे. गाडी न बदलता पंजाब मेलने आग्रा-दिल्ली, गीतांजलीने हावडा, कर्नाटक एक्सप्रेसने बेंगळुरू, नवजीवनने चेन्नई आणि ताप्ती-गंगाने काशी गाठता येते. पुस्तकातला प्रत्येक 'सुचवलेला मार्ग' आधी या दारातून सुरू करून पाहावा.

उत्तरेचं उदाहरण घ्या. दिल्ली-आग्रा-जयपूर हा त्रिकोण प्रत्येक पुस्तकात असतो. आपण मात्र दिल्लीच्या आधी आग्र्याला पोहोचतो. दिल्लीला जाऊन परत खाली यायची गरज नाही. आग्रा, मग जयपूर, मग दिल्ली आणि तिथून थेट परत असा क्रम लावला की एक फेरा वाचतो. याच मार्गावर भुसावळहून तासाभरावर बुऱ्हाणपूर लागतं. फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशाची राजधानी तिथे होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ती सत्ता संपली. पुढे १६३१ मध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरातच वारली. तिला आधी तापीच्या काठी पुरलं होतं, नंतर आग्र्याला नेलं. ताजमहालाची सहल खानदेशी माणसाने बुऱ्हाणपूरपासून सुरू करावी असं मला मनापासून वाटतं. दिल्लीत उतरणाऱ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाला हा क्रम सुचणं शक्य नाही.

आता हंपीचं पान उघडून शेवटपर्यंत जाऊ, म्हणजे पद्धत कळेल.

पुस्तकात 'कसं जावं' या शीर्षकाखाली बहुधा बेंगळुरू किंवा गोव्याहून होसपेट असं दिलेलं असतं. आपण रेल्वेचा नकाशा घ्यायचा आणि कर्नाटक एक्सप्रेसचा मार्ग पेन्सिलीने ओढायचा. भुसावळ, मनमाड, दौंड, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल. गुंतकलहून एक मार्ग पश्चिमेला बळ्ळारी-होसपेटकडे वळतो. गुंतकल ते होसपेट अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. म्हणजे बेंगळुरूपर्यंत खाली जाऊन परत वर यायचं कारणच उरत नाही. गुंतकलला उतरायचं आणि होसपेटची गाडी किंवा बस धरायची. होसपेटचं नाव आता होसपेटे असं लिहितात. तिथून हंपी बारा-तेरा किलोमीटरवर आहे आणि बस सतत असतात. कर्नाटकात बसमध्ये महिलांना मोफत प्रवासाची योजना आहे, पण ती तिथल्या रहिवासी महिलांसाठी. आपल्या बायकांनी तिकीट काढायचं.

पुढे राहण्याची यादी. इथे आवृत्तीचं वर्ष पाहिलं नाही तर फसगत होते. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या हंपी बाजारातली घरं-दुकानं २०११ मध्ये हटवली गेली. नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीवरची हॉटेलं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडली. जुन्या पुस्तकांत 'नदीपलीकडे राहा, भातशेती दिसते' अशी मोठी शिफारस याच गड्डीबद्दल आहे. ती यादी पूर्ण सोडून द्यायची आणि होसपेट, कमलापूर किंवा आनेगुंदीकडे नव्याने शोध घ्यायचा.

आता पाहण्याचा क्रम. हंपीच्या प्रकरणातला नकाशा म्हणजे त्या पुस्तकाची खरी किंमत. त्यात दोन भाग स्पष्ट दिसतात. नदीकाठचा देवळांचा भाग, आणि दक्षिणेकडे राजवाड्यांचा भाग. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमलमहाल, हत्तींचे गोठे आणि कमलापूरच्या संग्रहालयालाही चालतं. म्हणून हे सगळं एका दिवसात बसवायचं आणि विरूपाक्ष, हेमकूट, मातंग टेकडी, नदीपलीकडचं आनेगुंदी हे दुसऱ्या दिवशी. पुरातत्त्व खात्याची स्थळांवरची संग्रहालयं बहुधा शुक्रवारी बंद असतात, तेवढं वाराचं गणित जमवायचं. पुस्तकात एक दिवस पुरे असं लिहिलं असेल तरी दोन द्या. शिळांच्या टेकड्यांवर ऊन तापलं की दुपारचे तीन-चार तास फिरणं होत नाही.

एवढं झालं की पुस्तकातली चार पानं आपल्या वहीत एका पानावर येतात. कुठल्याही ठिकाणासाठी हाच क्रम. आधी आपल्या स्टेशनपासूनचा मार्ग, मग यादीचं वय, मग नकाशावरून दिवसांची विभागणी, शेवटी बंद वार.

तिकीट

याबाबत परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आपल्या उपयोगाचं नाही. त्यात परदेशी पर्यटकांचा कोटा, दिल्लीतली खास खिडकी असं सगळं असतं. आपले नियम वेगळे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वी १२० दिवस होतं. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गाचं सकाळी १० ला आणि शयनयानचं ११ ला. खातं आधारशी जोडलेलं असायला हवं.

मधल्या स्टेशनवरून तिकीट काढताना प्रतीक्षायादीचा प्रकार पाहा. आरएलडब्ल्यूएल (म्हणजे मधल्या स्टेशनांची प्रतीक्षायादी) अशी अक्षरं असतील तर ती यादी गाडी सुटण्याच्या स्टेशनच्या यादीपेक्षा हळू सरकते. दिवाळीत भुसावळहून जागा मिळत नसेल तर तिकीट मुंबईपासून काढून चढण्याचं स्टेशन भुसावळ टाकता येतं. थोडे पैसे जास्त जातात, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते.

बंद वार आणि परवाने

ताजमहाल शुक्रवारी बंद. हैदराबादचं सालारजंग संग्रहालयही शुक्रवारी. बाकीची बरीच मोठी संग्रहालयं सोमवारी. हे वार वर्षानुवर्षं बदलत नाहीत, त्यामुळे पुस्तकातून उतरवून घेतले तरी चालतात.

परवान्यांबाबत काळजीपूर्वक वाचा, कारण पुस्तकात परदेशी नागरिकांचे नियम दिलेले असतात. भारतीयांना अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरसाठी इनर लाइन परमिट लागतं, ते ऑनलाइन काढता येतं. आसाम, मेघालय, त्रिपुराला लागत नाही. लक्षद्वीपला वेगळा प्रवेश परवाना लागतो. सिक्कीममधला नथुला परदेशी नागरिकांसाठी बंद आहे, म्हणून परदेशी पुस्तकांत त्याचा उल्लेख ओझरताच असतो. आपल्याला मात्र परवाना काढून जाता येतं, सोमवार-मंगळवार सोडून.

ईशान्येकडे जाताना घड्याळही सांभाळा. देशभर वेळ एकच, पण तिकडे सूर्य फार लवकर उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात कोहिमाला साडेचारच्या सुमारास अंधारायला लागतं आणि बाजारही लवकर आवरतो. पुस्तकात दिवसाचा कार्यक्रम संध्याकाळी सहापर्यंत ताणलेला असेल तर तो दोन तास अलीकडे ओढा.

राहणं आणि जेवण

इथे पुस्तक आपल्या कामाला सगळ्यात कमी येतं. तीर्थक्षेत्रांतल्या धर्मशाळा, भक्तनिवास, रेल्वेच्या विश्रांती खोल्या, वेगवेगळ्या शहरांतली महाराष्ट्र मंडळं, राज्यांच्या पर्यटन महामंडळांची निवासं यांचा उल्लेख त्रोटक किंवा नाहीच. काशी, हरिद्वार, उज्जैन, पुरी, रामेश्वर इथे आपल्या समाजाची किंवा महाराष्ट्रीय लोकांची धर्मशाळा आहे का, हे आधी यात्रा करून आलेल्या नातेवाइकांना विचारा. खानदेशात प्रत्येक गल्लीत काशी करून आलेलं कुणी ना कुणी असतंच, आणि त्यांच्याकडची माहिती बहुधा ताजी असते. तरी फोन करून खात्री केल्याशिवाय निघू नये.

जेवणाच्या बाबतीत पुस्तक 'तिखट कमी' या कौतुकाने हॉटेलं सुचवतं. शेवभाजी आणि भरीत खाणाऱ्या माणसाला तो निकष काय कामाचा? शुद्ध शाकाहारी कुटुंबांनी बंगाल, बिहार, आसामकडे गेल्यावर मारवाडी बासा किंवा मारवाडी भोजनालय विचारावं, जवळपास सगळ्या व्यापारी गावांत मिळतं. रेल्वेच्या पहिल्या दोन जेवणांची सोय घरूनच करा. दशम्या, कळण्याच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस सहज टिकते. मात्र खाण्याच्या प्रकरणातली एक गोष्ट जरूर वाचा, त्या त्या गावाच्या पदार्थांची नावं. ती वहीत लिहून ठेवा आणि हॉटेल स्वतः निवडा. गर्दी स्थानिक लोकांची आहे का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

पुस्तक बरोबर कसं न्यायचं

हजार पानांचं पुस्तक पाठीवर घेऊन फिरू नका. ज्या गावांना जायचंय त्यांच्या पानांची झेरॉक्स काढा किंवा पानं फोनमध्ये टिपून ठेवा. मी दोन्ही करते. कागदावर पेनाने खुणा करता येतात, रिक्षावाल्याला नकाशा दाखवता येतो, आणि बॅटरी संपली तरी तो चालतो. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. तिथे गेल्यावर फोन गप्प झाला की या चार कागदांचं मोल कळतं. निघण्यापूर्वी त्या प्रदेशाचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, आणि कागदावर राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून घेतलेला असू द्या. तामिळनाडूच्या आतल्या भागात बसवरच्या पाट्या फक्त तामिळमध्ये असतात, तिथे हा कागद फार उपयोगी पडतो.

कोऱ्या समासात तारीख घालून बदल लिहीत जा. कुठलं भोजनालय बंद झालं, कुठल्या दाराने आत सोडतात, कुठली बस कुठून सुटते. परत आल्यावर ते पुस्तक मैत्रिणीला किंवा शेजाऱ्याला दिलं, तर त्यांना छापील मजकुरापेक्षा तुमच्या खुणांचा जास्त उपयोग होईल.

पुस्तकाशिवायचा सराव

लांब जाण्याआधी एक छोटी फेरी अशी करा, की जिथे गाइडबुकात एक ओळही नाही. चाळीसगाव त्यासाठी चांगलं आहे. तिथून पाटणादेवीला जा. गौताळा अभयारण्याच्या डोंगरात चंडिकेचं जुनं देऊळ आहे, आणि याच पाटण परिसरात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख सापडला. दुसऱ्या दिवशी कन्नड घाट चढून पितळखोऱ्याची लेणी पाहा. ती अजिंठ्यातल्या बहुतेक लेण्यांपेक्षा जुनी, हीनयान, म्हणजे बौद्ध लेण्यांच्या सुरुवातीच्या काळातली आहेत, आणि पायऱ्या उतरून खाली गेल्याशिवाय दिसत नाहीत.

या फेरीत सगळं विचारून करायचं. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत तीन प्रश्न विचारा: जाणारी पहिली गाडी कधी, परतीची शेवटची गाडी कधी, आणि ती चुकली तर दुसरी सोय काय. एकाच माणसाच्या उत्तरावर थांबू नका. कंडक्टरला आणि जिथे उतराल तिथल्या चहावाल्यालाही तेच विचारा. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर सगळ्यात आधीची वेळ खरी धरून निघा. पाटणादेवीला पावसाळ्यात ओढ्यांना पाणी असतं आणि अंधार लवकर पडतो, तेव्हा परतीला निघताना हातात किमान दीड तास उजेड असला पाहिजे.